३० हजारांच्या पगारात मुंबईत राहून गावाकडे पैसे पाठवता येतात का?

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : गाव यवतमाळ जिल्ह्यात, वय तेवीस, बीकॉम झालंय. अंधेरीच्या एका कंपनीचं महिना ३० हजारांचं पत्र आलंय आणि इकडे नागपुरात १८ हजारांचं काम तयार आहे. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, त्यावर पीककर्ज. मुंबईत राहून घरी काही पाठवता येईल का?

येईल. पण पहिले तीन-चार महिने नाही. आणि ३० मधून तर नाहीच, कारण ते ३० तुमच्या हातात येणारच नाहीत.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा. २०१८ ते २०२३ मुंबईत काढली. म्हणजे कामाला अंधेरीतलं मरोळ आणि झोपायला डोंबिवली. आता इकडेच एका जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढतात तिथं) हिशेब लिहितो. आकड्यांची खोड आहे, तेवढी सांभाळून घ्या.

आधी ते पत्र नीट वाचा. त्यात ‘सीटीसी’ (म्हणजे कंपनीला तुमच्यापायी येणारा एकूण खर्च, हातात पडणारा पगार नव्हे) लिहिलं असेल तर मूळ पगार किती आहे ते पाहा. समजा १५ हजार आहे. मग कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ भरते ते १,८०० याच ३० मधले. ग्रॅच्युइटीचे सातशेवीस, तेही यातलेच. उरलेल्या रकमेतून तुमच्या वाट्याच्या पीएफचे १,८०० कापले जाणार आणि व्यवसाय कराचे २०० (फेब्रुवारीत ३००). हातात पडतात साडेपंचवीस हजार. पीएफ बुडत नाही, तुमच्याच नावावर जमा होतो, पण त्यानं किराणा भरता येत नाही. कंपनीत फोन करून सरळ विचारा, ‘महिन्याला बँकेत किती पडतील?’ लाजू नका. मी लाजलो होतो, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी बँकेचा मेसेज तीनदा वाचला होता.

आता खरी अडचण. मुंबईत महिना काढायला पैसे लागतात त्यापेक्षा जास्त मुंबईत शिरायला लागतात. डोंबिवली पूर्वेला आम्ही चौघांनी वन बीएचके घेतला. भाडं १४ हजार, डिपॉझिट ५० हजार, दलालाला एक महिन्याचं भाडं. माझ्या वाट्याला साडेबारा, साडेतीन आणि पहिल्या महिन्याचे साडेतीन आले. वरून गादी, बादली, पंखा. आणि पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला! मी एक तारखेला रुजू झालो, म्हणजे सदतीस दिवस खिशातलं खायचं होतं. आजच्या भावानं म्हणाल तर ४० हजार जवळ असल्याशिवाय गाडीत बसू नका. आमच्या घरी तेवढे नव्हते, म्हणून बाबांनी गावातल्या एकाकडून शेकडा तीननं काढले. महिन्याला शंभरावर तीन रुपये, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. ते फिटेपर्यंत आठ महिने गेले. मुंबईनं मला महाग पाडलं ते असं, आणि ते भाड्याच्या आकड्यात कुठंच दिसत नाही.

कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या पोराला हे इतकं सोसावं लागत नाही, हे मला तिथं गेल्यावर कळलं. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी गिरणीत काम केलं, तेव्हापासून कित्येक गावांच्या मंडळाची परळ-लालबागकडे एखादी खोली आहे. नवीन पोरगा आला की ट्रंक ठेवायला जागा मिळते, खानावळ ठरलेली असते आणि नोकरी लागेपर्यंत कुणी विचारत नाही. आपल्याकडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत गेला, माणसं मात्र फारशी गेली नाहीत. आपली पोरं नागपूरला नाहीतर पुण्याला जातात. त्यामुळे मुंबईत आपलं हक्काचं असं दार नसतं. पहिल्या दिवसापासून सगळं विकत. तरी ओळखीचा कुणी असेल तर पहिले पंधरा दिवस त्याच्याकडे काढा आणि त्या काळात स्वतः फिरून खोली बघा. फोनवर फोटो बघून डिपॉझिट भरू नका.

खोलीचा करार ११ महिन्यांचा असतो, तो नोंदणीकृतच करून घ्या. आणि सामान आत जायच्या आधी भिंतींचे फोटो काढून ठेवा. आम्ही खोली सोडली तेव्हा मालकानं रंगाचे म्हणून आठ हजार कापले. भिंतीला ओल आम्ही यायच्या आधीपासूनच होती, पण दाखवायला काही नव्हतं.

आता महिन्याचा खर्च. आजचे भाव जरा चढे धरून सांगतो. चौघांत भाड्याचा वाटा साडेचार हजार. लाईट, नेट, भांडीवाली मिळून आठशे. दोन वेळचा डबा लावला तर ३,८००. सकाळचा वडापाव आणि दोन चहा दिसायला किरकोळ, महिन्याला बाराशे. मोबाईल, साबण, कटिंग वगैरे हजार.

प्रवासाची गंमत वेगळीच. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास हीच काय ती मुंबईतली खरी स्वस्त चीज : डोंबिवली ते घाटकोपर महिनाभर जा-ये करायला सव्वादोनशेच्या आत. पण घाटकोपरहून पुढं मेट्रो धरली की मरोळपर्यंत जाण्यायेण्याचे रोजचे चाळीस; आठवड्याभरातच पासाइतके उडतात. महिन्याचे मिळून तेराशे धरा. पावसात कधी रिक्षा करावी लागते, तिचं मीटर २०२५ पासून २६ रुपयांवर सुरू होतं. पैसे कमी लागतात पण वेळ लागतो. आठच्या सुमारास डोंबिवलीला चढणं म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय समजायचं नाही. कित्येक लोक आधी उलटे कल्याणला जातात, तिथून सुटणाऱ्या गाडीत जागा धरतात आणि परत डोंबिवलीवरूनच पुढं जातात. त्यासाठी पासही कल्याणपासूनचा काढतात. बसायला मिळावं म्हणून अर्धा तास जास्तीचा! मीही दोन वर्षं तेच केलं.

बेरीज १२,६०० झाली. साडेपंचवीसमधून १२,९०० उरतात. आता तुम्ही म्हणाल, मग बारा हजार घरी पाठवतो. थांबा.

दिवाळी, पोळा, चुलतबहिणीचं लग्न, कुणाचं तरी दवाखान्यात भरती होणं, अशा वर्षाला चार-पाच चकरा होतातच. विदर्भ एक्सप्रेसनं संध्याकाळी वर्ध्याला बसलं की पहाटे कल्याण. स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आत. पण आरक्षण ६० दिवस आधी खुलतं त्या सकाळीच काढलं तर. राहून गेलं की दिवाळीला ट्रॅव्हल्सवाले मागतील ते द्यावे लागतात. (समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला खरा, पण तो गाडीवाल्यांना जवळ झाला.) शिवाय गावात उतरलं की तुम्ही ‘मुंबईवाले’. देवळाच्या वर्गणीत सगळ्यांचे शंभर आणि तुमचे पाचशे. हे धरून महिन्याला सात-आठ हजारच पाठवता येतात, असा माझा अनुभव.

बाबा माझा पगार क्विंटलमध्ये मोजायचे. २०१९-२० ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,५५० होता. डिपॉझिटच्या माझ्या वाट्याचं सांगितलं तेव्हा फोनवर जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे सव्वादोन क्विंटल तं भिंतीतच गेले नं बापू.’ पुढं मी साडेपाच पाठवायला लागलो तेव्हा म्हणाले, ‘एक क्विंटल आला.’ ना पेरणी, ना डवरणी, ना फवारणी, ना वेचणीची मजुरी, आणि दर महिन्याला एक क्विंटल! त्यांना त्याचं फार अप्रूप होतं. २०२५-२६ चा हमीभाव ८,११० आहे, म्हणजे तुम्ही आठ हजार पाठवलेत तरी तेवढाच एक क्विंटल पडणार. पण कोरडवाहू पाच एकरवाल्या घरात खर्च वजा जाता वर्षाला किती उरतं ते तुम्हीच मांडून बघा. म्हणून मी जाऊ नका असं म्हणत नाही.

एका गोष्टीनं माझे बरेच पैसे वाचले. दुसऱ्या वर्षी आम्ही डबे बंद केले आणि खोलीवर शिजवायला लागलो. एक पोरगा गोंदियाचा, तो तांदूळ आणायचा. अकोल्याकडचा ज्वारी. मी घरी भरडलेली तूरडाळ आणि गहू. चौथा नाशिकचा, त्याच्याकडे कांदे. गॅस, तेल, भाजी, दूध धरून माणशी अठराशेत महिना निघायचा; डब्याच्या निम्म्याहून कमी. शेवटच्या वर्षी दुकानात तूरडाळ दीडशेच्या घरात होती, तेव्हा शेजारच्या काकूसुद्धा विचारायच्या, ‘गावाहून कधी येणार आहात?’

त्यात एकदा फजिती झाली. पहाटे कल्याणला उतरलो, खांद्यावर पंधरा किलोचा कट्टा, आणि पुलाच्या पायऱ्या चढताना त्याची शिवण उसवली. पिवळीधमक डाळ पायऱ्यांवरून घरंगळत खाली. मागून गाडीची गर्दी येऊन राहिली. लोक डाळीवरून पाय उचलून जात होते, पण कुणी शिवी दिली नाही. दादरच्या फूलबाजाराला निघालेली एक मावशी थांबली, तिच्याकडची रिकामी पिशवी उघडून धरली आणि म्हणाली, ‘वरची वरची भर, खालची राहू दे.’ दोनेक किलो गेली.

नागपूरचं म्हणाल तर १८ मध्ये तिथं माझ्या हिशेबानं सात-आठ हजार उरतात, म्हणजे घरी पाठवायला जवळपास मुंबईएवढेच. वर शनिवारी एसटीनं गावी येता येतं, आणि आईला यायचं झालं तर तिला अर्धं तिकीट. आजचा आकडा बघायचा असेल तर नागपूर धरा. मुंबईत पगार वाढतो. कामातून काम मिळतं. माझा पाच वर्षांत दुपटीच्या जवळ गेला, तेवढा नागपुरात गेला नसता. पण लग्न झाल्यावर चौघांतली खोली चालत नाही. मग एकट्याच्या नावावर भाडं, तेच १४ ते १८ हजार, आणि मी वर सांगितलेला सगळा हिशेब मोडतो. माझा तिथंच मोडला, म्हणून परत आलो. तुम्ही तेवीसचे आहात आणि ४० हजार व्याजाशिवाय उभे राहत असतील, तर तीन वर्षांसाठी जा. शेकडा तीननं काढावे लागत असतील तर सहा महिने नागपुरात काम करा, ते पैसे साठवा आणि मग निघा.

कंपनीला रुजू व्हायची तारीख पुढं ढकलता येते का, हे त्या पगाराच्या फोनमध्येच विचारून घ्या. आणि डाळ नेणार असाल तर कट्ट्याला शिलाई दुहेरी मारून घ्या.