कुंपणामागचं बीळ

प्रश्न : आमचं नवं घर माळाला लागून आहे. कुंपणामागच्या मातीच्या ढिगात बीळ आहे. दिवस मावळला की तिथून कोल्ह्यासारखं जनावर निघतं. परवा दोन पिल्लंही दिसली. शेजारी म्हणतात, धूर करा नाहीतर बीळ बुजवून टाका. घरात तीन वर्षांचा मुलगा आणि एक मांजर आहे. काय करावं?

उत्तर : फावडं आधी आत ठेवा. धूर केलात तर आई निसटेल, पिल्लं आतच गुदमरतील.

ते कोल्ह्याऐवजी खोकड असावं. आपण दोघांनाही सर्रास कोल्हाच म्हणतो. द्राक्षांना नावं ठेवणारा तो मूळ गोष्टीत खोकडच, मराठीत येताना त्याचा कोल्हा झाला! ओळखायचं शेपटीवरून. कोल्हा कुत्र्याएवढा, शेपूट त्या मानानं आखूड. आपलं माळावरचं खोकड मांजराहून थोडं मोठं, दोन ते चार किलोंचं, कान मोठे आणि शेपूट अंगाच्या निम्म्याहून लांब, झुबकेदार, टोकाला काळी. पळताना ती आडवी मागे तरंगते आणि गर्रकन वळताना उभी होते. रात्री कोल्हेकुई ऐकू आली तर मात्र माझा अंदाज चुकला असं समजा.

खोकडाला दाट जंगल नको असतं. उघडा माळ, भुसभुशीत माती, उंदीर, टोळ, बोरं एवढं मिळालं की झालं. त्याचा थोराड भाऊबंद, लाल खोकड, तर 1930 च्या दशकापासून इंग्लंडच्या उपनगरांत मोठ्या बागांच्या घरांमागे नांदतो आहे.

बीळ हे त्याचं बारमाही घर नव्हे, मुख्यतः बाळंतिणीची खोली. मी एका बिळासमोर दुर्बीण घेऊन बरेच दिवस बसत असे. एक पिल्लू रोज टोळावर झेप घ्यायचं आणि रोज नाकावर आपटायचं. एका संध्याकाळी मोह झाला आणि मी वीसेक पावलं पुढे सरकले. आई खेक-खेक करत फेऱ्या मारत राहिली. तिसऱ्या दिवशी बीळ रिकामं! रातोरात तिनं पिल्लं दुसरीकडे हलवली होती. माझा मूर्खपणा, पण तुमच्या कामाचा. तुमचा रोजचा वावर तिला पटला नाही, तर ती आपणहून जाईल. पटला, तरी पिल्लं मोठी झाली की बीळ सुटतंच.

तोवर उरलंसुरलं अन्न बाहेर टाकू नका आणि कौतुकानं खायलाही घालू नका. माणसाची भीती गेली की भांडणं सुरू होतात. मोठ्या मांजराच्या वाटेला ते सहसा जात नाही. मांजरीची पिल्लं, कोंबड्या मात्र रात्री कोंडा. मुलाला बिळापाशी एकटं सोडू नका. दिवसा दिसलं म्हणजे पिसाळलं, असं नाही. पण झोकांड्या देत असेल किंवा अंगावर येत असेल, तर लांब राहा आणि वन विभागाला कळवा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

पिल्लं दिसेनाशी झाली की बिळाच्या तोंडाशी वाळलं गवत सैलसर कोंबा. तोंडं दोन-तीन असतील, एकही सोडू नका. तीन-चार दिवस गवत हललं नाही, तर बीळ खुशाल बुजवा.