वाचकांचे प्रश्न: टुटूचा घेर आणि त्याचा ताठपणा

प्रश्न (नाशिक): बॅलेच्या जुन्या चित्रांत नर्तकीचा झगा पोटरीपर्यंत येतो. ‘स्वान लेक’मध्ये मात्र कमरेखाली आडवी चकती दिसते. दोन्हींना टुटूच म्हणतात का? लांबी एवढी कमी कशी झाली?

उत्तर: टुटू म्हणजे बॅले नर्तकीचा जाळीदार घागरा, त्यामुळे दोन्ही टुटूच. लांब तो रोमँटिक, आखूड तो क्लासिकल. पायांचं काम अवघड होत गेलं तसतसं कापड वर सरकत गेलं. १७३०च्या सुमारास पॅरिस ऑपेरात मारी कामार्गोने घागरा घोट्याच्या वर घेतला. उडी हवेत असताना दोन्ही पाय झपाझप एकमेकांपुढे-मागे नेण्याची तिची करामत त्याशिवाय प्रेक्षकांना दिसलीच नसती.

१२ मार्च १८३२ रोजी त्याच ऑपेरात ‘ला सिल्फीद’ (वायुकन्या) हा बॅले रंगमंचावर आला. नायिका मारी ताल्योनी, नृत्यरचना तिच्या वडिलांची, फिलिपो ताल्योनींची. अंगासरशी चोळी आणि तिच्याखाली तलम पांढऱ्या कापडाच्या थरांचा घंटेसारखा घेर. गॅसच्या दिव्यांत ते थर उजळून निघत. बोटांच्या टोकांवर उभं राहण्याचं तंत्र तिच्या आधीही होतं, पण त्याला वायुकन्येचं हलकेपण या पोशाखाने दिलं. ‘जिझेल’चा (१८४१) दुसरा अंक त्याच पांढऱ्या घेरावर उभा आहे.

पुढचा रेटा इटलीचा. तिथल्या नर्तकींचं तंत्र दणकट होतं. १८८५मध्ये सेंट पीटर्सबर्गला नाचायला गेलेल्या व्हिर्जिनिया झुक्कीने तिथल्या रिवाजापेक्षा आखूड घागऱ्याचा आग्रह धरला. १८९३मध्ये पिएरिना लेन्यानीने ‘सिंड्रेला’त एका पायावर सलग ३२ फुएते (गिरक्या) घेतले आणि १८९५च्या ‘स्वान लेक’मध्ये तेच पुन्हा करून दाखवलं. फुएतेत मोकळा पाय चाबकासारखा फिरतो. लांब घागऱ्यात तो जाळीतच हरवला असता. मात्र लेन्यानीचे फोटो पाहा: तिचा घेर गुडघ्याच्या आसपास खाली उतरलेला आहे. आज डोळ्यांसमोर येते ती सपाट चकती विसाव्या शतकातली.

जाता जाता एक गंमत. १८७७चा ‘ला बायादेर’ भारतात घडतो, नायिका निकिया देवळातली नर्तकी. पण छायांच्या (मृतात्म्यांच्या) अंकात हिमालयातसुद्धा सगळ्या जणी पांढऱ्या टुटूतच उतरतात!

प्रश्न (कोल्हापूर): चकतीमुळे नाचात नेमका काय फरक पडला?

उत्तर: पाय खुब्यापासून उघडा दिसू लागला, त्यामुळे तो किती उंच जातो आणि किती बाहेर वळतो याची चुरस वाढली. लपवाछपवीही संपली. कंबर जराशी कलली तरी चकती ओळंब्यासारखी लगेच चुगली करते. जोडीच्या नाचात पुरुषाला हातभर मागे राहून, घेराच्या वरून हात घालून कंबर धरावी लागते आणि तिचे पाय त्याला दिसत नाहीत. तिलाही स्वतःची पावलं दिसत नाहीत. म्हणून सरावासाठी वेगळा साधा टुटू असतो. पोशाख पहिल्यांदा थेट रंगीत तालमीत चढवला तर अंतरं हमखास चुकतात.

गर्दीत, घेर आडवा धरणारी तारेची कडी आत असलेल्या चकत्या एकमेकींवर आपटून उभ्या राहतात. नृत्यरचनाकार बॅलन्शिनच्या ‘सिम्फनी इन सी’साठी पोशाखकार बार्बरा कारिन्स्काने १९५०मध्ये कडीच काढून टाकली, थर कमी केले आणि ते सैल टाचले. तो ‘पावडर पफ’ टुटू.

प्रश्न (डोंबिवली): मुलगी दहा वर्षांची आहे. तिच्यासाठी घरी टुटू शिवला, पण घेर खाली पडतो. काय चुकलं असेल?

उत्तर: बहुधा जाळी कमरेच्या इलॅस्टिकला जोडली असेल. क्लासिकल टुटूत कमरेपासून खुब्याच्या वरच्या भागापर्यंत अंगासरशी पट्टी असते, तिला बास्क म्हणतात. घेर तिच्याखाली, निकरवर शिवतात. निकरवर साधारण सेंटिमीटरभर अंतराने आडव्या रेघा आखा; प्रत्येक रेघेवर एक झालर. सर्वांत खालची, मांडीजवळची झालर ४-५ सेंटिमीटर रुंद ठेवा आणि वर जाताना रुंदी वाढवत सर्वांत वरची २५ सेंटिमीटरपर्यंत न्या. खालच्या आखूड झालरीच वरच्यांना उचलून धरतात. त्या गाळल्या की घेर खाली पडलाच. या वयाला सात थर पुरतात, कडी नको. मोठ्यांना दहा-बारा थर लागतात आणि मधल्या एका थरात पोलादी पट्टीची कडी जाते.

कापड दुसरं कारण. मऊ ट्यूल (बारीक जाळी) रोमँटिक टुटूला शोभते, इथे ती लोळते. लेहेंग्याच्या आत लावतात ती कॅनकॅन नेट घ्या आणि मऊ जाळी फक्त सर्वांत वरच्या थराला वापरा. वरच्या झालरींच्या चुण्यांत कंजुषी नको; ७० सेंटिमीटरच्या घेराला तीन-साडेतीन मीटर पट्टी जाऊ द्या. नायलॉनची कड सुटत नाही, त्यामुळे दुमडून शिवू नका, वजन उगाच वाढतं.

शेवटी सगळे थर सुईने एकमेकांना टाचायचे. टाक्यांमध्ये सेंटिमीटरभर दोरा सैल सोडा. ओढून टाचलं तर थर चिकटून घेर मिटतो, न टाचलं तर प्रत्येक थर आपापल्या दिशेने जातो. पाठीला चेन लावू नका, हुकांच्या दोन-तीन रांगा लावा. चेन ऐन वेळी अडकली तर इलाज नसतो. हुक तुटला तर मिनिटात टाकता येतो आणि मूल वाढलं की पुढची रांग वापरता येते.

प्रश्न (मुंबई): धुवायचा कसा, ठेवायचा कसा?

उत्तर: घेर धुवू नका. चोळीला सुती अस्तर लावा म्हणजे घाम तिथेच अडकतो. वास आला तर नाट्यगृहांतल्या पोशाख विभागांसारखी पाणी मिसळलेली व्होडका आतून फवारून वाळवा. टुटू उलटा, निकरच्या बाजूने टांगा किंवा गोल पिशवीत आडवा ठेवा. सुलटा टांगला की घेर खाली ओढला जातो. इस्त्री अगदी मंद. तापली तर नायलॉन वितळतं.

प्रश्न (सांगली): टुटू पेटून नर्तकी मेल्याचं वाचलं. खरं का?

उत्तर: खरं. १८४४मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये क्लारा वेबस्टर भाजली आणि तीन दिवसांत गेली. नोव्हेंबर १८६२मध्ये पॅरिसला तालमीत एमा लिव्रीचा घेर गॅसच्या ज्योतीवर गेला. आठ महिने यातना भोगून ती विशीतच वारली. विरळ जाळीत हवा खेळत असल्यामुळे ज्वाळा क्षणात भडके. कापड आग पकडू नये म्हणून ते रसायनात बुडवण्याची सोय तेव्हाही होती, पण त्याने कापड कडक आणि पिवळट होई, म्हणून लिव्रीने ते नाकारलं होतं. नायलॉनही पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. शाळेच्या कार्यक्रमात टुटू घातलेल्या मुलींच्या आसपास समई किंवा मेणबत्त्या ठेवू नका.