स्वतः बांधलेली लिनक्स इतर संगणकांवर नेताना

प्रश्न : मी एका तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेचे काम पाहतो. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’च्या मार्गदर्शिकेप्रमाणे प्रत्येक घटक सोर्सकोडपासून कंपाइल करून मी एका संगणकावर संपूर्ण प्रणाली उभी केली असून ती उत्तम चालते. आता तीच प्रयोगशाळेतील इतर संगणकांवर न्यायची आहे, मात्र ते सर्व एकाच वर्षी घेतलेले नाहीत. पॅकेजांची नोंद कशी ठेवावी आणि प्रतिकृती कशी करावी?

उत्तर : आधी नोंदीविषयी लिहितो, कारण कोणती फाइल कोणत्या पॅकेजने आणून ठेवली हे ज्या प्रणालीत सांगता येत नाही, तिची प्रत काढली म्हणजे तोच गोंधळ प्रत्येक यंत्रावर पोहोचतो. गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात पॅकेज मॅनेजर (पॅकेजे बसवणारे व त्यांची नोंद ठेवणारे साधन) मुद्दाम दिलेला नाही. प्रणाली कशी उभी राहते हे शिकवण्यावरून लक्ष ढळू नये आणि प्रत्येकाने आपल्या गरजेप्रमाणे मार्ग निवडावा, अशी त्यामागची भूमिका आहे. प्रत्येक पॅकेज स्वतंत्र डिरेक्टरीत ठेवून सिमलिंकने (दुसऱ्या ठिकाणाकडे नेणाऱ्या दुव्याने) जोडणे, किंवा प्रत्येक पॅकेजसाठी वेगळा युजर तयार करणे, असे मार्ग लोक वापरतात. परंतु अनेक यंत्रे सांभाळायची असतील तर पॅकेजचे स्वतंत्र आर्काइव्ह (सर्व फायलींचा एकच गठ्ठा) करणे हाच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

त्याची रीत अशी. ‘मेक इन्स्टॉल’ ही आज्ञा देताना ‘डेस्टडिर’ या चलाला एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीचा पत्ता द्यावा. मग फायली थेट प्रणालीत न जाता तेथे जमा होतात, त्यांची यादी मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवता येते, ‘टार’ने आर्काइव्ह बांधता येते आणि तेच आर्काइव्ह हव्या त्या यंत्राच्या रूट डिरेक्टरीत उघडता येते. पॅट्रिक फॉल्करडिंग यांचे १९९३ पासून चालत आलेले स्लॅकवेअर हे लिनक्स वितरण याच तत्त्वावर उभे आहे, आणि त्याची मूळ साधनेही पॅकेजांचे परस्परावलंबन तपासत नाहीत. ती जबाबदारी वापरणाऱ्याची असते. एक धोका मात्र आवर्जून सांगतो. हल्लीच्या रचनेत रूटमधील ‘लिब’ ही ‘यूएसआर’मधील ‘लिब’कडे जाणारी सिमलिंक असते. आर्काइव्हमध्ये ‘लिब’ नावाची खरी डिरेक्टरी असेल, तर ग्नू टार ती सिमलिंक काढून तेथे डिरेक्टरी बसवतो, आणि त्या क्षणापासून जवळजवळ कोणताही प्रोग्राम सुरू होत नाही. डिरेक्टरीकडे जाणाऱ्या सिमलिंक राखण्याचा पर्याय टारमध्ये आहे. तो न विसरता द्यावा.

आता प्रतिकृती. आपले संगणक वेगवेगळ्या काळातील असल्यामुळे पहिली तपासणी कंपाइल करतानाच्या पर्यायांची करावी. ‘मार्च=नेटिव्ह’ हा पर्याय दिला असेल तर कंपायलरने बांधणीच्या यंत्रातील प्रोसेसरच्या खास सूचना वापरलेल्या असतात, आणि जुन्या प्रोसेसरवर तो प्रोग्राम ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतो. हा पर्याय दिला नसला तरी जीएमपी ही मोठ्या संख्यांची गणिते करणारी लायब्ररी बांधणीच्या वेळी समोरचा प्रोसेसर ओळखून स्वतःला त्याच्यासाठी घडवते, त्यामुळे ती सर्वसामान्य प्रोसेसरसाठी पुन्हा बांधावी लागते. कर्नेलचेही, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचेही, तसेच आहे. आपण पहिल्या यंत्रापुरतेच ड्रायव्हर निवडले असतील, तर एनव्हीएमई डिस्क (नव्या जोडणीची वेगवान एसएसडी) असलेल्या यंत्रावर कर्नेलला रूट विभागच सापडणार नाही. एएचसीआय (साटा डिस्कसाठीचा) व एनव्हीएमई हे दोन्ही ड्रायव्हर आणि रूट विभागाच्या फाइल सिस्टिमचा आधार कर्नेलमध्येच बांधून घ्यावा.

प्रत काढताना मूळ यंत्र पेन ड्राइव्हवरील एखाद्या लाइव्ह लिनक्सने सुरू करावे, म्हणजे आपली प्रणाली निद्रिस्त असताना तिच्या फायली बदलत नाहीत आणि ‘प्रॉक’, ‘सिस’ यांसारख्या कर्नेलने धावताना उभ्या केलेल्या गोष्टी आर्काइव्हमध्ये येत नाहीत. टारला मालकी अंकी स्वरूपात जपण्याचा आणि फायलींचे विस्तारित गुणधर्म राखण्याचा असे दोन्ही पर्याय द्यावेत. लाइव्ह प्रणालीतील युजरचे क्रमांक वेगळे असू शकतात, म्हणून पहिला हवा. दुसरा सोडला तर काही प्रोग्रामांना दिलेले विशेष अधिकार हरवतात. संपूर्ण डिस्क ‘डीडी’ने उतरवण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण त्यात रिकामी जागाही कॉपी होते आणि लहान डिस्कवर ती प्रत बसत नाही.

नव्या यंत्रावर आर्काइव्ह उघडल्यावर होस्टनेम व ‘एफएसटॅब’ (कोणता विभाग कोठे जोडायचा याची यादी) बदलावे, ‘मशीन-आयडी’ची (यंत्राच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाची) फाइल असल्यास ती रिकामी करावी आणि दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर बसवला असेल तर त्याच्या होस्ट की (यंत्राची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) नव्याने तयार कराव्यात. सर्व यंत्रांची गुप्त की एकच राहिली, तर त्यांपैकी एका यंत्रात शिरलेला माणूस इतर कोणत्याही यंत्राचे सोंग घेऊ शकतो. संगणक सुरू होताना कर्नेल चढवणारा ग्रब प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र बसवावा लागतो, आणि बायॉस व यूईएफआय (जुन्या व नव्या पद्धतीचे फर्मवेअर) यांसाठी त्याची रीत वेगळी आहे. आपल्या प्रणालीत इनिटरॅमएफएस (कर्नेलसोबत मेमरीत चढणारी छोटी आरंभिक फाइल सिस्टिम) नसेल, तर ग्रबमधील कर्नेलच्या ओळीत रूट म्हणून फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (स्वतंत्र ओळखक्रमांक) देऊन उपयोग नाही. एकटा कर्नेल तो ओळखत नाही. पार्टयूयूआयडी, म्हणजे डिस्कवरील विभागाचा ओळखक्रमांक, मात्र ओळखतो.

प्रश्न : पुढे एखादी लायब्ररी बदलली, तर सर्व संगणकांवर पुन्हा प्रतिकृती करावी लागेल का?

उत्तर : नाही, आर्काइव्ह करण्याचा खरा लाभ इथेच मिळतो. बांधणी मूळ यंत्रावर करावी, तेथे काही दिवस वापरून पाहावी आणि मगच ते एक आर्काइव्ह इतरत्र उघडून ‘एलडीकॉन्फिग’ (लायब्ररींची नोंद ताजी करणारी आज्ञा) चालवावे. लायब्ररीच्या नावातील ‘एसओ’नंतरचा मुख्य अंक तोच राहिला असेल, तर तिच्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम सहसा तसेच चालतात. तो १ चा २ झाला, तर ते सर्व पुन्हा बांधावे लागतात, आणि शेवटचा प्रोग्राम बांधून होईपर्यंत जुनी लायब्ररी काढू नये. कोणता प्रोग्राम कोणती लायब्ररी मागतो, हे ‘रीडएल्फ’ दाखवते. ग्लिबसीचा, म्हणजे जवळजवळ सर्व प्रोग्राम ज्यावर चालतात त्या मूळ सी लायब्ररीचा, प्रश्न वेगळा आहे. नव्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम जुन्या ग्लिबसीवर चालेलच असे नाही, त्यामुळे ती आवृत्ती मूळ यंत्रावर बदलायची झाल्यास मी संपूर्ण प्रणाली नव्याने बांधून त्या एका वेळी सर्व संगणकांवर प्रतिकृती करणेच पसंत करीन.