सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण प्लँटचं) पाणी फ्लशला घेतल्यावर घाण वास का येतो?

बहुतेक वेळा ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) रात्री बंद ठेवल्यामुळे. वीजबिल वाचवायला कमिट्या हे सर्रास करतात. हवा काही तास थांबली की एअरेशन टाकीतले (जिथे ही हवा सोडतात) घाण खाणारे जिवाणू मरायला लागतात, गाळ सडतो आणि सडक्या अंड्यांचा वास फ्लशपर्यंत पोचतो. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास हवा. ऑपरेटरच्या रजिस्टरवर विसंबू नका, टाकीतलं एक लिटर पाणी मोजपात्रात 30 मिनिटं ठेवा: तपकिरी गाळ 250 ते 400 मिलीवर बसून वर नितळ पाणी आलं तर ठीक, गाळ काळा दिसला तर हवा कमी पडतेय. (एमबीबीआर प्लँटला ही चाचणी चालत नाही, तिथे जिवाणू प्लास्टिकच्या तुकड्यांवर वाढतात.) ब्लोअर चोवीस तास चालूनही वास असेल तर डिफ्यूझर बघा, म्हणजे टाकीच्या तळाशी बारीक बुडबुडे सोडणारे भाग. त्यांचा रबरी पडदा फाटला की एकाच जागी मोठे बुडबुडे उसळतात, बाकी टाकीत हालचालच नसते. नुसता हायपो (क्लोरिनचं द्रावण) वाढवू नका. वास तात्पुरता दबतो, पण फ्लशमधले रबरी वॉशर जातात. मात्र प्लँट ठीक असेल आणि शुद्ध पाणी दिवसभराहून जास्त साठून राहत असेल, तर साठवण टाकी धुवा आणि शेवटच्या मजल्यावर लिटरला 0.5 मिलिग्रॅम तरी क्लोरिन उरतोय का ते तपासा.