तिसऱ्या वर्षाचं आधीच सांगून ठेवते

शहापूर, बेळगाव

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला. मी बघितला पहाटे, दुधाची पिशवी आत घेताना. फणीत गुंतलेल्या केसांचा फोटो आणि खाली एकच ओळ, "काकू, तीन आठवडे काटा हलला नाही, माझं काही चुकलं काय?" फोनच केला असता. पण फोनवर तू "होय काकू, होय काकू" म्हणतेस आणि ठेवून देतेस, हे मला आता कळलंय. म्हणून लिहायला बसले. पाऊस धरून आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही.

केसांचं आधी सांगते, म्हणजे ते डोक्यातून जाईल. वजन उतरवायला केलेलं पोटाचं ऑपरेशन म्हणजे अंगाला बसलेला धक्का, त्यात खाणं एकदम वाटीवर आलेलं. अंग म्हणतं, आधी जगायचं बघू, केसांचं मागनं बघू. पुष्कळ केसांची मुळं एकदमच झोपी जातात आणि तीन-चार महिन्यांनी ते केस हातात येतात. तुला पाचवा महिना लागलाय, म्हणजे सगळं वेळेवर चाललंय. माझी वेणी करंगळीएवढी झाली होती. नवव्या-दहाव्या महिन्यात कपाळाजवळ बारीक लव दिसायला लागली. वर्ष उलटूनही गळायचे थांबले नाहीत तर लोह, झिंक, प्रोटीन कुठं कमी पडतंय ते डॉक्टरांकडून बघून घ्यायचं. त्यासाठी महागडं तेल आणायचं नाही. (तू आणलंयस. आईनं सांगितलं.)

काट्याचं मी माझ्या वहीतून सांगते. आमच्याकडं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचं एक पान असतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी त्याच वहीत माझं पान उघडलं. वजन 118, छाती 50, कंबर 47, दंड 17. पानावर चहा सांडलाय, पण वाचता येतं. चौथ्या महिन्यात काय लिहिलंय बघ. वजन 96. पुढच्या सोमवारी 96. त्याच्या पुढच्या सोमवारी 96. चौथ्या सोमवारी 96 आणि वर 200 ग्रॅम, आणि ते लिहिताना पेनानं कागद फाटलाय. पण त्याच चार ओळींत कंबर 42, साडे-एकेचाळीस, 41 आणि 40 आहे. काटा जागचा हलत नव्हता आणि ब्लाऊज मात्र ढिले होत होते. अंगातलं पाणी, चरबी, स्नायू यांचा हिशेब रोजच्या रोज काट्यावर लागत नाही. तेव्हा रोज उठून त्याच्यावर चढायचं बंद. आठवड्यातून एकदा, एकाच वाराला. माझी जुनी टेप आईबरोबर पाठवते. न ताणणारी आहे. बाजारात मिळतात त्यांतल्या काही वर्षभरात अर्धा इंच खोटं बोलायला लागतात.

डाएटिशियनबाईंनी तुला दिलेला कागद मी वाचला. चांगला आहे, पण त्यातलं ग्रीक योगर्ट निपाणीच्या बाजारात तू कुठं शोधणार? दही फडक्यात बांधून टांग, चक्का खा, तेच ते. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन पोटात जायला पाहिजे. एका अंड्यात 6 ग्रॅम, म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागवायचं तर दहा लागतील. तसं कोण खातंय? सकाळी दोन अंडी, दुपारी मटकीची घट्ट उसळ नाहीतर पनीर, मध्ये ताक, रात्री हुलग्याचं कढण. कढण म्हणजे वरचं पाणी नव्हे, खालचे हुलगे वाटून त्यातच घालायचे. सोयाबीनच्या वड्या तुला आवडत नाहीत हे माहीत आहे, मलाही आवडत नाहीत, पण 50 ग्रॅम कोरड्या वड्यांत 25 ग्रॅम प्रोटीन मिळतं म्हटल्यावर मी तोंड बंद करून खाते. ताटात पहिला घास उसळीचा. मग भाजी. जागा राहिली तर भाकरी. आपल्याकडं आधी भाकरी कुस्करतात आणि मग तिला बुडवायला आमटी शोधतात, ते आता उलटं करायचं.

पाणी जेवताना नको, जेवल्यावर अर्ध्या तासानं. आणि चावायचं. मी एकदा गिऱ्हाईक दारात उभं म्हणून भाकरीचा घास तसाच गिळला. छातीच्या मधोमध दगड बसला. पंधरा मिनिटं मोरीत भिंतीला धरून उभी होते आणि बाहेर बाई विचारतेय, "काकू, हूक मागं लावायचे की पुढं?"

कुंद्याची गोष्ट तुला आईनं सांगितली असेलच, तरी माझ्याकडून ऐक. भाचीच्या मुलाचं बारसं होतं. मला सात महिने झालेले. बेळगावात राहायचं आणि कुंद्याची वाटी समोर आली की मान फिरवायची, हे मला जमलं नाही. चार चमचे खाल्ले. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम, पोटात कळ, डोळ्यांपुढं अंधारी. तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत पोत्याला टेकून पडून राहिले. बाहेर पाळणा चालू, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या," आणि मी आत गोपाळाचंच नाव घेतेय. याला डंपिंग म्हणतात. साखर धाडकन आतड्यात उतरते आणि अंग घाबरून पाणी तिकडं ओढतं. माझं बायपास, म्हणजे पोट लहान करून आतडं वळवून जोडलेलं, आणि तुझं स्लीव्ह, म्हणजे नुसतं पोट कापून लहान केलेलं, त्यामुळं तुला माझ्याइतकं होईलच असं नाही. पण होत नाही म्हणून गोकाकचं करदंट उघडून बसू नकोस. ज्याला त्रास होत नाही त्याला अडवणारंही कुणी नसतं.

व्हिटॅमिन-लोहाच्या गोळ्यांचं थोडक्यात. आयुष्यभर घ्यायच्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, मध्ये दोन तास जाऊ देत. लोहाच्या गोळीवर चहा नको. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. नव्या पोटाला त्यातल्या पुष्कळ गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो. उलट्या थांबेनात तर "बघू उद्या" न करता दवाखाना गाठायचा. आणि दारू. तू घेत नाहीस, पण तुमच्या ऑफिसची सहल चोर्ला घाटातून गोव्याला जाते तेव्हा आग्रह करणारे असतात. आपल्यासारख्यांना ती झटकन चढते आणि खाण्याची जागा रिकामी झालेली असते, तिथं ती येऊन बसते. माझ्याबरोबर ऑपरेशन झालेल्या एकाचं असंच झालं. जेवण सुटलं आणि हे लागलं.

आता लोकांचं. माझं वजन उतरायला लागलं तेव्हा समोरच्या अक्कांनी मला गाठून हळूच विचारलं, "आराम इल्लेन्री?" बरं नाही का, म्हणून. त्यांना वाटलं शुगर वाढली नाहीतर आणखी काही मोठं दुखणं. आपले मराठी लोक तेवढी माया दाखवत नाहीत, ते थेट म्हणतात, "शॉर्टकट मारलास होय?" आधी मी समजावून सांगत बसायची. पोटाची छोटीशी पिशवी करतात, आतडं वळवून तिला जोडतात, वगैरे. तेवढ्यात त्यांची बस यायची. तू कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे तुझं तू ठरव. लपवलंस म्हणून लबाड ठरत नाहीस.

स्थळ बघायला सुरुवात केलीय म्हणे. मुलाला सांगायचं की नाही, यावर तुझ्या आईचं आणि माझं भांडण झालंय. मी म्हणते सांग. रोज सकाळी गोळ्यांचा डबा उघडणारी, वाटीभर जेवणारी बायको त्याच्या घरात वावरणार आहे, किती दिवस झाकणार? लग्न तुळशीच्या लग्नानंतर लागो की पुढच्या वर्षी, मूल मात्र ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने नको. वजन घसरत असताना पोटातल्या जिवाला पुरेसं मिळत नाही. आणि एक ऐकून ठेव. वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. "मला कुठं राहतंय" म्हणून निर्धास्त राहू नकोस, डॉक्टरांशी आधी बोल. सासूबाई काय म्हणतील ते नंतर.

हे सगळं तुला आज ना उद्या कुणीतरी सांगितलंच असतं. मला जे सांगायचंय ते पुढचं आहे.

दीड वर्षात मी 71 वर आले. रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला जायची, परत येताना काँग्रेस विहिरीजवळ थांबायची. 1924 साली गांधीजी अध्यक्ष असलेलं अधिवेशन टिळकवाडीत झालं, त्याची ती विहीर. तिच्या कठड्याला धरून मी उठाबशा काढायची. कोण बघतंय याची पर्वा राहिली नव्हती. त्या दिवाळीत मी माझे सगळे ब्लाऊज उसवले. नवीन मापाला घेतले आणि आत सोडलेली माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, कात्रीनं कापून टाकली. सगळ्यांची. बावीस ब्लाऊज. आता परत मोठं व्हायचंच नाही म्हटल्यावर ती ठेवायची कशाला? चाळीस वर्षं शिवणकाम करणारी बाई असं कधी करत नाही. गिऱ्हाइकानं सांगितलं तरी मी करत नाही.

तिसऱ्या वर्षी भूक परत आली. आधी मला वाटलं पित्त आहे. मग मशीनशेजारी एक डबा आला, चिवड्याचा. भाकरी अडकते, चिवडा सरकतो. दोन चिमटी, पाच चिमटी, दिवसभर. कुठलंच जेवण जास्त नव्हतं, त्यामुळं मी जास्त खाते असं मला वाटतच नव्हतं. वजन 74, 76. बहुतेकांचं वजन वर्ष-दीड वर्षात सगळ्यात खाली येतं आणि नंतर थोडं चढतं. भूक थोडी परतते, पोट थोडं सैल होतं, अंगाला कमीत भागवायची सवय लागते. हे सगळं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण तेव्हा मी ऐकण्याच्या मनःस्थितीत कुठं होते? मी जिंकत होते ना.

आणि मग मी तपासणीला जायचं बंद केलं. कुठल्या तोंडानं जाऊ? दवाखान्याच्या भिंतीवर माझा आधीचा-नंतरचा फोटो लावलेला. रिक्षा त्या दारावरून जायची तेव्हा मी मान वळवून दुसरीकडं बघायची. काट्याला भिऊन गेले नाही, आणि काट्याबरोबर रक्त तपासणंही राहिलं, इंजेक्शनंही राहिली. गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. दीड वर्ष.

एका दुपारी मशीन चालवताना कापड पुढं जाईना. खाली वाकून बघितलं तर माझा डावा पाय पायडलवर नव्हताच. शेजारी फरशीवर होता आणि मी तो दाबतेय. मला कळलंच नव्हतं. कितीतरी दिवस पायाला मुंग्या येत होत्या, मी म्हणायची बसून बसून येत असतील. व्हिटॅमिन बी-12 तळाला गेलं होतं, हिमोग्लोबिन 8. त्या दिवशी वजन 84 होतं. गेले तेव्हा डॉक्टर फोटोबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "वजनाचं नंतर बघू, आधी रक्त घेऊ." एवढंच. याच्यासाठी मी दीड वर्ष तोंड लपवलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या गेल्या, पण डाव्या पायाच्या करंगळीला अजून सुई टोचली तरी कळत नाही. तेवढं राहिलंच.

आज आठ वर्षं झाली, मी 78 आहे. चिवड्याचा डबा शेजारणीकडं ठेवलाय, तिच्याकडं जायला दोन जिने चढावे लागतात. कधी 77, कधी 80. 80 झालं की दहा दिवस सगळं लिहून काढते आणि फोन करून तारीख घेते. आता तर वजन परत चढलेल्यांसाठी औषधं आहेत, काहींना दुसरं ऑपरेशनही करतात. पण त्यासाठी डॉक्टरांच्या समोर जाऊन बसावं लागतं.

तू आता जिंकत्येस, म्हणून आत्ताच सांगते. पुढच्या तीन वर्षांच्या तपासणीच्या तारखा आजच कॅलेंडरवर मांडून ठेव आणि ते कॅलेंडर आईच्या स्वयंपाकघरात लाव, तुझ्या खोलीत नको. ज्या दिवशी जायला सगळ्यात लाज वाटेल, त्या दिवशी मला फोन कर. निपाणीहून सकाळची बस धर, मी स्टँडवर येते, आपण दोघी जाऊ. मलाही रक्त द्यायचंच असतं.

तुझ्या मावसबहिणीच्या लग्नाचा हिरवा ब्लाऊज आईनं टाकलाय. माप जुनं आहे, ते चालणार नाही. येत्या रविवारी ये आणि नवीन दे. "अगदी फिट्ट शिवा" असा निरोप पाठवलायस, तसाच शिवते. पण दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडणार आहे, ती कापायला सांगू नकोस.

तुझी,
शिवणकामवाली काकू