लोगन, व्हेरिटो की डाचिया? पार्ट कोणाचा घ्यायचा?

प्रश्न : आमच्याकडे २००९ची महिंद्रा-रेनो लोगन डिझेल आहे. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येते म्हणून मेकॅनिकने लोअर आर्म (पुढचं चाक खालून गाडीला जोडणारा दांडा) बदलायला सांगितला. दुकानदाराने व्हेरिटोचा आर्म हातात ठेवला. मुलगी जर्मनीत असते. ती म्हणते, हीच गाडी तिकडे डाचिया नावाने फिरते, हवं तर पार्ट पाठवते. इकडे एजंट सांगतो की कंपनीच राहिली नाही, गाडी भंगारात काढा. काय करावं?
(एक वाचक, सिन्नर)

उत्तर : व्हेरिटोचा आर्म बिनधास्त बसवा. व्हेरिटो म्हणजे नाव बदललेली लोगनच, तेव्हा तो तुमच्याच गाडीचा आहे. आणि भंगाराचं तर मनातही आणू नका. पंधरा वर्षं उलटली म्हणून आरसीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं, ते झालं असेल आणि पत्रा खालून सडला नसेल, तर ही गाडी अजून चालवण्यासारखी आहे. स्पेअरच्या काउंटरवर बसून मी रोज बघते, डिकीवरचं नाव बाजारातून गेलं एवढ्यावरून माणसं धडधाकट गाड्या मातीमोल भावात देऊन टाकतात. फार वाईट वाटतं.

तुमच्या गाडीचं माहेर रोमानियात आहे. तिथली डाचिया कंपनी रेनोने १९९९ साली विकत घेतली. रेनोचे तेव्हाचे प्रमुख लुई श्वाइट्झर यांना पाच हजार युरोंच्या आसपास बसेल अशी साधी, दणकट गाडी हवी होती. २००४ साली डाचिया लोगन आली. पैसा कुठे कुठे वाचवलाय ते बघण्यासारखं आहे. बाहेरच्या आरशांचा आकार असा ठेवला की एकच आरसा डावीकडेही बसावा आणि उजवीकडेही. साचा एक, गोदामात नगही एकच.

पुढे ज्या देशात जे नाव चालतं ते लावलं गेलं. पश्चिम युरोपात ती डाचियाच राहिली, कारण स्वस्त गाडीवर रेनोचं नाव आलं असतं तर रेनोच्याच महागड्या गाड्यांना झळ बसली असती. रशियात आणि ब्राझीलमध्ये डाचियाला कोण ओळखणार? तिथे ती रेनो लोगन झाली. मेक्सिकोत निसानचा दबदबा, म्हणून निसान एप्रिओ. इराणमध्ये तोंदार ९०. आपल्याकडे महिंद्रा ५१ टक्के आणि रेनो ४९ टक्के अशी भागीदारी झाली आणि २००७पासून आपल्या नाशिकच्या कारखान्यात लोगन बनू लागली. २०१०मध्ये भागीदारी मोडली, रेनोचा हिस्सा महिंद्राने घेतला. लोगन हे नाव मात्र रेनोचं, म्हणून २०११मध्ये तीच गाडी व्हेरिटो झाली. कारखाना तोच, इंजिनही तेच दीड लिटरचं डीसीआय, म्हणजे रेनोचं डिझेल इंजिन. एजंटला एवढंच सांगा की बनवणारी कंपनी कुठेही गेलेली नाही.

आता पार्टचं. आर्म, बुश, लिंक रॉड, ब्रेक पॅड, क्लच, फिल्टर, टायमिंग बेल्ट मागताना व्हेरिटो डिझेल म्हणून मागा. नुसतं लोगन म्हटलंत तर काउंटरवरचा नवा पोरगा ‘येत नाही’ म्हणून मोकळा होतो. जुना पार्ट पुसून सोबत न्या. त्यावर बहुतेक वेळा रेनोचा दहा आकडी नंबर सापडतो, ६००१ने किंवा ८२००ने सुरू होणारा. नंबर जुळला की वरचा बॉक्स कोणाचा आहे ते बघू नका. बाहेरच्या अंगाला मात्र जपून. २०१२मध्ये व्हेरिटोचा चेहरामोहरा बदलला, त्यामुळे ग्रिल, बंपर, टेल लॅम्प घेताना चासी नंबर दिल्याशिवाय पैसे देऊ नका. व्हेरिटो व्हाइबचा मागचा भाग तर पूर्ण वेगळा, चार मीटरच्या आतल्या गाडीला करसवलत मिळते म्हणून कापून आखूड केलेला. आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट) कुठूनही आणा, त्यावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरणारा माणूस आधी गाठा. नाहीतर नवा इंजेक्टर बसवूनही इंजिन ठोकत राहील.

मुलीला जर्मनीतून हेडलाइट पाठवू देऊ नका. तिकडची वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे त्या दिव्याचा झोत उजव्या अंगाला उचललेला असतो. आपल्या रस्त्यावर तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंग रॅक आणि वायपरची जुळणीही तिकडची इथे चालणार नाही. सेन्सरसारखी हलकी वस्तू इथे मिळेनाशी झाली, तर नंबर कळवून जरूर मागवा.

प्रश्न : बलेनो आणि ग्लान्झा एकच गाडी आहे म्हणतात. मग कोणती घ्यावी?
(एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : एकच आहे. सुझुकी आणि टोयोटाच्या करारातून २०१९मध्ये सुझुकीची बलेनोच टोयोटाच्या नावाने ग्लान्झा म्हणून आली. गाडी सुझुकीच बनवते. चालवायला फरक नाही, तेव्हा त्यावर डोकं शिणवू नका. दोन्ही शोरूममधून वॉरंटीची वर्षं आणि किलोमीटर लेखी घ्या, ताबा कधी मिळणार ते विचारा, आणि चाळीसगावहून कोणतं वर्कशॉप जवळ पडतं ते बघा. सर्व्हिसिंगसाठी दर वेळी अख्खा दिवस मोडणार असेल, तर शोरूममध्ये मिळालेली सूट दोन वर्षांतच खर्चून जाते.