जळगावच्या डॉक्टरांनी आईच्या खांद्याची सोनोग्राफी केली, माझ्या बोटांची. दोघींना आमवातच (सांध्यांच्या अस्तराला सूज आणणारा आजार, रूमेटॉइड आर्थ्रायटिस), मग असं का?

ताई, साठीनंतर सुरू होणारा आमवात पुष्कळदा खांद्यासारख्या मोठ्या सांध्यात आधी दिसतो. तरुणपणी तो बहुधा बोटांच्या मुळाशी धरतो. म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी जागा वेगळ्या निवडल्या असाव्यात. डॉप्लर (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावल्यावर सांध्याच्या सुजलेल्या अस्तरात लाल-केशरी ठिपके चमकले, तर तिथं रक्तप्रवाह वाढलाय, म्हणजे आजार सक्रिय आहे. आईंच्या रिपोर्टात वयाची झीजही येईल. तो सगळाच आमवात समजून घाबरू नका. हाडाची बारीक कुरतड एक्स-रेच्या आधी सोनोग्राफीत सापडू शकते. आपल्याकडे बायका कापूस वेचून बोटं दुखतात म्हणत अंगावर काढतात, फार वाईट वाटतं. सकाळी भाकरी थापताना तासभर मूठच वळत नसेल, तर तो नुसता थकवा नसतो.